टाकी धुतली, महिन्यात पुन्हा गंज: जुन्या येझदीवर शोधलेली कारणं

तक्रार अशी. पेट्रोलची टाकी आतून ॲसिडने धुतली, आतला पत्रा चांदीसारखा दिसायला लागला, गाडी पंधरा-वीस दिवस झकास पळाली. मग एका चढावर अचानक दम तोडला. कार्ब्युरेटर उघडला तर फ्लोटच्या वाटीत विटेच्या भुकटीसारखा गाळ. टाकी पुन्हा धुतली आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

ही तक्रार माझीच आहे. गाडी बाबांची, ७६ सालची येझदी मोटरसायकल. घर रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला, समुद्राच्या इतकं जवळ की पावसाळ्यात खिडकीच्या काचेवरून फिरवलेलं बोट जिभेला लावलं तर खारट लागतं. येझदी बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून गाड्या बनवल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला, त्यामुळे मूळ टाकी हवी असेल तर कुणीतरी आपली गाडी मोडीत काढण्याची वाट पाहावी लागते. नव्या बनवलेल्या टाक्या मिळतात. मी दोन हातात घेऊन पाहिल्या आणि परत ठेवल्या. जुन्या पत्र्याचं वजन त्यांच्यात नव्हतं. म्हणून आहे तीच टाकी वाचवायची ठरली, आणि ती वाचवताना मी तीन वेळा वेगवेगळ्या चुका केल्या.

तीन फेऱ्यांनंतर एवढं कळलं, की गंज काढायला फारशी अक्कल लागत नाही, तो कुठल्याही आंबट पाण्यात सुटतो. काढल्यानंतरचा एक तास मात्र अवघड असतो. माझ्या टाकीत गंज परत येत होता तो त्या तासात मागे राहिलेल्या गोष्टींमुळे.

आधी गाळ ओळखा

हात घालण्याआधी टाकीतलं सगळं पेट्रोल एका पारदर्शक काचेच्या बरणीत काढा आणि रात्रभर स्थिर ठेवा. घराबाहेर, झाकण लावून. सकाळी तळाशी काय आहे ते बघा.

तळाशी वेगळा थर दिसला, हलवल्यावर बुडबुड्यासारखा सरकणारा, तर ते पाणी आहे. २०२३ पासून पंपांवर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, येऊ लागलं तेव्हापासून या थराकडे जास्तच लक्ष द्यावं लागतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेपर्यंत ते पेट्रोलमध्ये विरघळून राहतं आणि इंजिनातून निघून जातं. प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाला जाऊन बसतात. आपल्या टाकीचा तळ म्हणजे फ्रेमच्या नळीच्या दोन्ही बाजूंना लोंबणारे दोन खिसे. उजव्या खिशातलं पाणी कॉकपर्यंत, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीपर्यंत, पोचतच नाही, ते तिथेच बसून पत्रा खात राहतं. माझ्या टाकीला भोक पडलं ते नेमकं तिथेच, त्याबद्दल शेवटी.

तळाशी लाल-तपकिरी, बोटांत चोळल्यावर विरघळल्यासारखी होणारी भुकटी असेल तर ती ताजी गंज आहे. काळसर, जाड, खपल्या-खपल्यांची असेल तर ती जुनी, आणि तिच्याखाली पत्र्यात खड्डे पडलेले असणार. पारदर्शक किंवा राखाडी सालं निघत असतील, उन्हात जळलेल्या पाठीची कातडी निघते तशी, तर ती गंज नाहीच. आधीच्या कुणीतरी टाकीत सीलर, म्हणजे पत्र्यावर आतून थर धरणारं रसायन, ओतलेला आहे आणि तो सुटतोय. त्याच्यावर ॲसिड ओतून काही होत नाही, आधी तो सीलर काढावा लागतो.

पांढरी भुकटी फक्त कार्ब्युरेटरच्या वाटीत असेल तर टाकीला दोष देऊ नका. जुने कार्ब्युरेटर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, मिस्त्री त्याला मझाक म्हणतात. पाणी साचलं की मझाकला असा पांढरा फुलोरा येतो.

आत बघायला एलईडी टॉर्च वापरा. काडी पेटवून बघणारे लोक मी पाहिलेले नाहीत, पण त्यांच्या गोष्टी ऐकल्या आहेत. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. कुठलंही काम सुरू करण्याआधी भांडी घासायचा साबण आणि पाणी घालून टाकी चार-पाच वेळा खळबळून काढा, पेट्रोलचा वास जाईपर्यंत.

पहिली फेरी: बाथरूमचं ॲसिड

पहिल्यांदा टाकी मी गॅरेजवर दिली. तिथे संडास धुवायच्या ॲसिडची बाटली ओतली, अर्ध्या तासाने पाण्याने धुतलं, उन्हात ठेवलं. संध्याकाळी टाकी परत. "ताई, आरशासारखी झालीय बघा." झालीही होती. तीन आठवड्यांनी हातखंब्याच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तेव्हा कॉकच्या जाळीत बोटभर गाळ होता.

ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते गंज खातं हे खरं, पण गंजाचं लोहक्लोराईड करून खातं, आणि ते क्लोराईड पत्र्याच्या खड्ड्यांत, जोडाच्या शिवणीत जाऊन बसतं. एकदा पाण्याने धुतल्याने ते निघत नाही. क्लोराईड हवेतली ओल खेचतं आणि त्या ओलीत लोखंड पुन्हा सडायला लागतं. समुद्राच्या वाऱ्यातून येणारं मीठ गाडीचं जे बाहेरून करतं, तेच आपण टाकीच्या आत पैसे देऊन करून घेतो. शुद्ध लोखंडाला गंज धरायला हवेत साठ-सत्तर टक्के आर्द्रता लागते. मिठाचा संसर्ग असेल तर इतकं थांबावं लागत नाही. समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराईड पस्तीस टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं, आणि आमच्याकडे जानेवारीतली दुपारसुद्धा इतकी कोरडी नसते.

म्हणून टाकीत हे ॲसिड नकोच. ज्यांच्या टाकीत ते आधीच पडलंय त्यांनी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने टाकी तीन-चारदा धुवावी, प्रत्येक वेळी पाणी आत तासभर ठेवून. खायचा सोडा नव्हे, कपड्यांचा. खायचा सोडाही आम्ल मारतो, पण धुण्याचा सोडा अधिक तीव्र आणि स्वस्त.

दुसरी फेरी: सीलर

पुढच्या वर्षी मी ठरवलं की पत्र्याला हवाच लागू द्यायची नाही. दोन भागांचा इपॉक्सी सीलर आणला, टाकी धुतली, दोन दिवस वाळवली, सीलर आत फिरवला. दुधाळ, गुळगुळीत, सुंदर. आठ महिने काहीही त्रास नाही. नवव्या महिन्यात कॉकमधून शेवयांसारखे धागे.

चूक सीलरची नव्हती. जुलैमध्ये दोन दिवस वाळवलेली टाकी बाहेरून कोरडी असते. शिवणीच्या आत, जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढवून जोडलेत तिथे, पाणी केशाकर्षणाने धरून राहतं. त्यावर सीलर बसला, खाली गंज सुरूच राहिला. गंज मूळ लोखंडापेक्षा किमान दुप्पट जागा घेतो, म्हणजे तो खालून सीलरला ढकलत राहतो. भिंतीला ओल असताना रंग दिल्यावर पोपडे येतात, हे आमच्याकडे लहान पोराला ठाऊक असतं. मला टाकीच्या बाबतीत सुचलं नाही.

तो सीलर काढायला पेंट काढायचं रसायन, साखळी आणि चार रविवार गेले. तेव्हापासून माझं मत असं, की टाकीला भोकं नसतील तर सीलर घालूच नये. टू-स्ट्रोक गाडीला तर गरजच नाही, कारण पेट्रोलबरोबर ऑइल जातंच. मी लिटरला ४० मिलि घालते, आणि त्याचा पातळ थर पत्र्यावर सतत राहतो. फोर-स्ट्रोकवाल्यांना ही सोय नाही.

तिसरी फेरी, जी टिकली

फेब्रुवारी महिना निवडला. हे सगळ्यात महत्त्वाचं. कोकणात हे काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंतच करावं. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस असतो, त्याआधी गाडी तयार व्हावी म्हणून लोक जूनमध्ये टाकी उघडतात. मीही उघडली होती.

साफसफाईला लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरला ५० ग्रॅम, कोमट पाण्यात. किराणा दुकानात सुटं मिळतं. दुकानदाराने विचारलं, "एवढं कशाला, लग्न आहे का घरात?" कॉक काढून त्या जागी रबरी बूच घट्ट बसवलं आणि टाकी काठोकाठ भरली. काठोकाठच भरा. अर्धी भरलीत तर पाण्याच्या रेषेवर हवा आणि आम्ल एकत्र येतात आणि तिथे पत्रा जास्त खाल्ला जातो.

भरण्याआधी जाड खपल्या खरवडून काढाव्या लागतात. काहीजण वाळू-खडी घालून हलवतात, ती नंतर आठ दिवस निघत राहते. काहीजण नट घालतात. मीही घातले होते, चाळीस घातले आणि एकोणचाळीस निघाले, एक अजून कुठेतरी खडखडतो असं बाबांचं म्हणणं. त्यापेक्षा हातभर लांबीची बारीक लोखंडी साखळी घाला, तिचं एक टोक तारेने बाहेर बांधून ठेवा. ती टाकीच्या कोपऱ्यांत जाते आणि अख्खी बाहेर येते.

द्रावण मी चोवीस तास ठेवलं, मधे दोनदा टाकी उलटी-सुलटी केली. सहा-आठ तासांनी टॉर्च मारून बघत राहा. गंज गेल्यावरही द्रावण आत ठेवलंत तर ते चांगलं लोखंड खायला लागतं आणि पत्र्यावर काळपट थर धरतो. माझं द्रावण पिवळसर हिरवं होऊन निघालं.

आता तो एक तास. सगळी तयारी आधी करून ठेवा, मधे दुकानात पळायची वेळ येऊ देऊ नका. द्रावण ओतून दिल्यावर उघडं पडलेलं लोखंड काही मिनिटांत नारिंगी पडायला लागतं. डोळ्यांदेखत पडतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं सगळं वाया गेलं.

माझा क्रम असा होता. द्रावण ओतलं की लगेच साधं पाणी, दोनदा. मग धुण्याच्या सोड्याचं पाणी, दहा मिनिटं, उरलेलं आम्ल मारायला. मग चुलीवरून उतरवलेलं कडकडीत गरम पाणी, दोनदा. गरम पाण्याने सोडाही निघतो आणि पत्रा इतका तापतो की उरलेलं पाणी आपोआप उडायला लागतं. त्यानंतर लगेच अर्धा लिटर स्पिरिट आत घालून सगळीकडे फिरवलं आणि काढून घेतलं. शिवणीतलं पाणी स्पिरिटबरोबर येतं, हीच दुसऱ्या फेरीत राहिलेली गोष्ट. मग पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची थंड हवा वीस मिनिटं. केस वाळवायचा ड्रायर या वेळी अजिबात लावू नका, आत स्पिरिटची वाफ आहे आणि ड्रायरमध्ये तापलेली तार.

हवा मारून झाली की पाव लिटर टू-स्ट्रोक ऑइल टाकीत ओतलं, झाकण लावलं आणि टाकी सगळ्या बाजूंनी फिरवली. वर, खाली, तोंडाजवळचा गळाही. जास्तीचं ऑइल काढून घेतलं. ते पुढच्या पेट्रोलमध्ये वापरलं, वाया काहीच गेलं नाही.

तयार रसायनंही मिळतात, फॉस्फोरिक ॲसिडवर चालणारी. ती गंजाचं फॉस्फेट करतात आणि तो थर काही काळ पत्र्याचं रक्षण करतो. फ्रेमच्या बाहेरच्या भागांना मी ती वापरते. टाकीच्या आत मला लिंबूसत्त्वच बरं वाटलं, कारण काय चाललंय ते दिसतं.

कार्ब्युरेटर मात्र लिंबूसत्त्वात चुकूनही बुडवू नका. आम्ल मझाक खातं. पेट्रोल आणि दात घासायचा जुना ब्रश पुरतो. जेटमध्ये तार घालू नये, पितळेचं भोक मोठं होतं. आमच्याकडे त्यासाठी तंगूस आहे, गळाची नायलॉनची. बारीक तंगूस जेटमधून बरोबर आरपार जाते.

टाकीचं बाहेरचं अंग

टाकीला दोन्ही बाजूंना गुडघा टेकायला रबरी पॅड असतात. ते काढून बघा. माझ्या टाकीवर रंग सगळीकडे धड होता आणि पॅडखाली तळहाताएवढा पत्रा खडबडीत झालेला. पाऊस वरून आत शिरतो आणि रबर त्याला बाहेर पडू देत नाही. आता दर पावसाळ्याआधी पॅड काढते, खाली मेण घासते आणि पॅडच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक फट ठेवते. सीटखालचा पत्रा आणि टूलबॉक्सचा तळ यांचंही असंच.

क्रोम पुन्हा का फुटतं

सायलेन्सर दोन, बेंड पाइप दोन, रिम, हँडल, हेडलाइटची रिंग. या गाडीला इतकं क्रोम आहे की खर्चाचा निम्मा आकडा त्यातच जातो. एका प्लेटिंगवाल्याने सायलेन्सर करून दिले, गणपतीपर्यंत त्यावर तपकिरी ठिपके. तो म्हणाला, "समुद्राची हवा आहे, त्याला आम्ही काय करणार?"

करता येतं. चकाकणारा क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनचा धरला तर त्याच्या एकशेचाळिसाव्या भागाएवढा. शिवाय त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात, म्हणजे तो पाणी अडवतच नाही. पाणी अडवतं ते त्याच्या खालचं निकेल. बाहेर उन्हापावसात राहणाऱ्या कामाला निकेल निदान २० ते ३० मायक्रॉन हवं, आणि त्याखाली तांबं असेल तर अधिक चांगलं. निकेल महाग आणि त्याला टाकीत वेळ लागतो, म्हणून काटछाट तिथेच होते. पातळ निकेलला बारीक छिद्रं राहतात आणि एका छिद्रातून पाणी शिरलं की खालचं लोखंडच सडतं, कारण वरचे दोन्ही धातू लोखंडाच्या मानाने कमी झिजणारे. जस्ताच्या थराचं उलट असतं. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं.

म्हणून प्लेटिंगवाल्याला क्रोमबद्दल विचारू नका. निकेल किती मायक्रॉन, तांबं देणार का, आणि त्याआधी बफिंग कोण करणार, एवढंच विचारा. खड्डे राहिले तर ते प्लेटिंगमध्ये भरून येत नाहीत, उलट चकाकीत उठून दिसतात. मी पुढची खेप आंबा घाट चढून कोल्हापूरला उद्यमनगरात नेली, तिथे माणसाने आपण होऊन निकेलचा वेळ सांगितला. तीन पावसाळे झाले, रिम अजून धड आहेत.

आणि एक आगंतुक सल्ला. मूळ क्रोमवर नुसते ठिपके असतील तर ते उतरवू नका. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल चुरगळा, पाण्यात बुडवा आणि ठिपक्यांवर हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे येत नाहीत, आणि गंज निघून काळसर चिखल होतो तो पुसून टाका. भांडी घासायची लोखंडी जाळी वापरलीत तर तिचेच कण क्रोममध्ये अडकतात आणि आठवड्यात तेच गंजतात. शेवटी मेण. सायलेन्सर तापतो त्या भागावर मेण टिकत नाही, तिथे राइडनंतर थंड झाल्यावर तेलाचं फडकं.

बाकीचं लोखंड

स्टँड, फूटरेस्ट, टूलबॉक्सच्या पट्ट्या, असलं साधं लोखंड मी आता विजेवर साफ करते. प्लास्टिकची बादली, चार लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. गंजलेला भाग चार्जरच्या काळ्या वायरला, म्हणजे ऋण टोकाला. लाल वायरला भंगारातली सळई. उलटं लावलंत तर तुमचाच भाग विरघळतो. सोड्याऐवजी मीठ घालायचं नाही, त्यातून क्लोरीन सुटतो. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील वापरायचं नाही, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. बादली अंगणात ठेवा, कारण हायड्रोजन निघतो, आणि हात घालण्याआधी चार्जर बंद करा. गंज सळईच्या समोर असलेल्या बाजूचा आधी जातो, म्हणून भाग मधे मधे फिरवावा लागतो. ॲल्युमिनियम किंवा मझाकचं काहीही यात टाकू नका, सोड्यात ते खाल्लं जातं.

स्प्रिंगा आणि ताकदीचे बोल्ट यांना आम्ल दाखवूच नका, आणि त्यांना या विजेच्या बादलीतही टाकू नका. साइड स्टँडची स्प्रिंग मी रात्रभर ॲसिडमध्ये ठेवली होती, लखलखीत निघाली, आणि तिसऱ्या दिवशी उभ्या गाडीवर ताडकन तुटली. कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. प्लेटिंग करून घेतलं तर कारखान्यात ते काम झाल्याबरोबर भट्टीत २०० अंशांच्या आसपास काही तास तापवावं लागतं. तुमचा प्लेटिंगवाला ते करत नसेल तर एक्सल आणि स्प्रिंगा त्याच्याकडे देऊ नका, वायर ब्रश आणि तेलावर भागवा.

बेंड पाइप सिलिंडरला धरणारा पंखांचा गोल नट अडकला तर छिन्नी-हातोडा घेणाऱ्याच्या हातून तो काढून घ्या. हुक पाना लागतो. भेदक तेल टाका, रात्रभर सोडा, सकाळी हलके ठोके द्या, इंजिन गरम करून पुन्हा प्रयत्न करा. माझ्या गाडीचा नट पाचव्या दिवशी सुटला. बसवताना आटेवर तांब्याचं ग्रीस, नाहीतर पुढच्या वर्षी हेच.

फ्रेमबद्दल एकच. पावडर कोटिंगआधी वाळूचा मारा करायला पाठवत असाल तर चेसिस नंबरवर जाड टेपचे तीन-चार थर लावा आणि त्या माणसाला दाखवून सांगा. गंज घासताना अंक पुसट झाले तर आरटीओत जी पायपीट होते तिच्यापुढे गंज परवडला. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. तिथेही तोच नंबर बघणार.

गंजाला काळं करणारी जी द्रावणं मिळतात, त्यांतल्या कित्येकांत टॅनिन असतं. हिरड्यात असतं तेच. हिरडा आणि लोखंडाची काळी शाई आपल्याकडे जुनीच, ही द्रावणं मडगार्डच्या आत तीच शाई बनवतात. जिथे हात पोचत नाही अशा आतल्या कडांना ती ठीक आहेत. सैल खपल्या आधी काढाव्याच लागतात, नाहीतर शाई खपलीवर चढते आणि खपलीबरोबर गळून पडते.

पावसाळ्यात टाकी भरून ठेवायची की रिकामी

यावर दोन गट आहेत आणि दोघेही तावातावाने बोलतात. भरलेली टाकी म्हणजे आत हवा नाही, हवा नाही म्हणून दव नाही, हा पहिल्या गटाचा मुद्दा बरोबर आहे. पण झाकणाला श्वासाचं भोक असतं. दिवसा पेट्रोल फुगतं, रात्री आकसतं, आणि रोज रात्री थोडी दमट हवा आत ओढली जाते. चार महिने उभ्या गाडीत इथेनॉल ती ओल पीत राहतं. पूर्वीच्या, इथेनॉल नसलेल्या पेट्रोलला ते चालून गेलं असतं.

मी आता मेअखेर टाकी पूर्ण रिकामी करते. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल गाडी चालू ठेवून संपवते, टाकीत ऑइल फिरवते, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घालून भोक बंद करते. ज्यांना पावसातही आठवड्यातून एकदा गाडी फिरवायची आहे त्यांनी टाकी भरलेलीच ठेवावी आणि पेट्रोल पंधरा दिवसांत संपवावं. अर्धी टाकी घेऊन महिना-महिना उभी ठेवणं हे दोन्ही गटांना नामंजूर.

मागच्या ऑक्टोबरात टाकी उघडली तेव्हा आत ऑइलचा पिवळसर थर होता आणि काचेच्या बरणीत गाळ आला नाही. एकच गोष्ट उरली. उजव्या खिशाच्या तळाला, जिथे पाच वर्षं पाणी साचत होतं, सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून पेट्रोल पाझरतं. वेल्डिंगला मी नाही म्हटलं. रेडिएटर दुरुस्त करणारा एकजण रेण, म्हणजे सोल्डर, लावून देतो म्हणाला, पण टाकी लगेच घेतली नाही.

"आधी आठवडाभर पाणी भरून ठेवा, रोज बदला," तो म्हणाला. "मग आणा. आणि ताई, ऑइल लावू नका हो तोवर, रेण धरत नाही."

म्हणजे आठवडाभर पाणी आत आणि ऑइल नाही. शेवटच्या दिवशीसाठी लिंबूसत्त्व, सोडा आणि स्पिरिट आणून ठेवलंय.